पांढऱ्यात पांढरं

मॅमोग्राफीत चरबी काळपट दिसते, दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या. आणि कर्करोगाची गाठही पांढरीच. साठीच्या बाईच्या ग्रंथी ओसरलेल्या असतात, तिथे छोटी गाठही ढळढळीत दिसते. चाळिशीतल्या बाईचं चित्र मात्र पुष्कळदा सायीसारखं सलग पांढरं. आपल्याकडे स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, म्हणून ही साय माझ्यासमोर रोज येते.

शिकत होते तेव्हा अशाच एका चित्रावर मी ‘दोष नाही’ लिहून मोकळी झाले होते. मॅडमनी सही केली नाही. बाहेर बसलेल्या ताईंना आत बोलावून म्हणाल्या, “तुम्हाला जिथं लागतंय तिथं बोट ठेवा बघू.” सोनोग्राफीचा प्रोब नेमका त्या बोटाखाली टेकवला. करड्या पडद्यावर काळसर, खडबडीत कडांचा, रुंदीपेक्षा उंच डाग, त्याच्यामागे सावली. बायोप्सीत कर्करोगच निघाला.

तेव्हापासून आधी बोट, मग यंत्र. दाखवलेल्या जागी त्वचेवर धातूचा बारीक मणी चिकटवते, म्हणजे एक्स-रेत ती जागा सापडते.

“ते दाबायचं मशीन नको, सोनोग्राफीच करा,” असं मावश्या कळवळून सांगतात. दुखतं, खरं आहे. पण दाबल्यानेच एकमेकांवर आलेले थर सुटतात आणि किरणंही कमी लागतात. शिवाय अगदी सुरुवातीचा कर्करोग कधी कधी फक्त मिठाच्या कणांसारख्या कॅल्शियमच्या ठिपक्यांतून कळतो, आणि ते सोनोग्राफीला बहुधा दिसत नाहीत. एमआरआय शिरेतून दिलेलं औषध कुठे भरभर शोषलं जातं ते पाहतो. त्याची नजर सगळ्यांत तीक्ष्ण, पण निरुपद्रवी गाठीही उजळतात आणि बाई नाहक सुईला सामोरी जाते. या आजाराचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष असलेल्या तरुण मुलींना मात्र मी तो आवर्जून सुचवते.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या जणींना आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. वीस वर्षांनी पाहिलं, तर पन्नाशीपुढच्यांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटलेले. त्याआतल्या वयात तसा फरक नव्हता. त्या चाळिशीतल्या बायकांसाठीच मला प्रोब हातात धरावा लागतो.

आज सकाळी एक ताई पदर सावरत म्हणाल्या, “मशीनमध्ये काही आलं नाही म्हणे, पण मला लागतंय.” मी खुर्ची जवळ ओढली. त्यांनी बोट ठेवलं.