जुनी तेल-एंजिने

नाणी, तिकिटे किंवा जुन्या पोथ्या जमविणाऱ्या गृहस्थास लोक रसिक म्हणतात. परंतु विहिरीवरची जुनी तेल-एंजिने जमविणाऱ्यास काय म्हणावे, हे अद्याप कोणी ठरविलेले दिसत नाही. आमच्या घरी त्यासाठी एक शब्द रूढ आहे, पण तो छापण्याजोगा नाही. आयुष्याची उमेद इंग्रजी काव्य शिकविण्यात घालविलेल्या माणसाने जामनेरसारख्या गावी, पन्नाशी उलटल्यावर, रविवारी कोपरापर्यंत तेलात हात बुडवून बसावे, याचे नवल इतरांस वाटते तितके आम्हांस वाटत नाही. जुन्या कवितेचा अर्थ लावणे आणि जुने एंजिन उलगडणे यांत, हात धुण्याचा प्रश्न सोडला तर, फारसे अंतर नाही.

ज्या वाचकांनी ही एंजिने पाहिली नसतील त्यांस थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. मोटेच्या बैलांची जागा घ्यावयास जी यंत्रे आली, त्यांतील एक मूळ पुरुष म्हणजे इंग्लंडातील डर्सली येथील लिस्टर कंपनीचे एंजिन. ते १९३० च्या सुमारास निघाले. शक्ती पाच घोड्यांची, दोन बाजूंस दोन जड चाके, आणि चाल मिनिटास अवघ्या ६०० फेऱ्यांची. राजकोटच्या कारखानदारांनी पुढे त्याच्या पुष्कळ प्रती काढल्या. आपल्याकडे सातारचे धनजीशा कूपर, जे १९३७ त काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यप्रधानही होते, त्यांच्या कारखान्यात नांगरांच्या जोडीने एंजिने होऊ लागली. आणि १९४६ त किर्लोस्करांनी खडकीस केवळ एंजिनांसाठी स्वतंत्र कंपनी काढली. आमच्या अंगणात या तिन्ही कुळांतील मंडळी पंक्तिभेद न करता बसलेली आहेत.

ही एंजिने आता भंगारात किलोच्या भावाने मिळतात. भंगाराच्या तराजूला वजनाखेरीज दुसरे मोल ठाऊक नाही. त्यामुळे जे थोड्या श्रमाने चालू होईल ते आणि जे कधीच होणार नाही ते, दोन्हींचा दर एकच. मोजक्या पैशांत हा छंद चालतो तो या अन्यायाच्या जोरावर. मात्र निवड डोळ्यांनी न करता हातांनी करावी. चाक धरून फिरवावे. अर्ध्या वाटेवर ते अडले आणि हात सैल करताच मागे उसळले, तर आतील दट्ट्या व त्याची कडी शाबूत आहेत असे समजावे. ते निमूटपणे फिरत राहिले, तर दाब कोठून तरी निसटत आहे. मुळीच हलत नसेल, तर दट्ट्यावर रॉकेल ओतून आठवडाभर वाट पाहावी. हातोडा उचलू नये. गंजाशी उतावीळपणाने भांडून कोणी जिंकल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

या एंजिनात ठिणगी नसते. आतील हवा पंधराव्या-सोळाव्या हिश्शाइतकी दाबली गेली, की ती इतकी तापते, की तीत उडविलेला तेलाचा फवारा आपोआप पेटतो. तेव्हा दुरुस्ती म्हणजे मुख्यत्वे ही कोंडलेली हवा निसटू न देणे. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर नीट बसतो की नाही, हे पाहण्यास उपकरण लागत नाही. वरून चमचाभर रॉकेल सोडावे आणि खाली ओल येते का ते पाहावे. ओल आली, तर व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट लावून तो हाताने घाशीत बसावे. नवा सुटा भाग आणण्याची ऐपत असती, तर आमची एंजिने लवकर सुरू झाली असती. ती नसल्यामुळे ती बंद का पडली हे आम्हांस कळले.

आणि येथेच एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. उलगडलेल्या कित्येक एंजिनांत बंद पडण्याजोगे काहीच सापडेना. अखेर ज्यांच्या मळ्यातून एक एंजिन आणले होते, त्या वृद्ध शेतकऱ्यास आम्ही विचारले. ते म्हणाले, "एंजिनाला काही झालं नव्हतं, सर. पाणीच खाली गेलं."

या शब्दांमागे जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीचे शास्त्र उभे आहे. ओढून घेणारा पंप ठराविक उंचीपलीकडे पाणी चढवू शकत नाही, हे गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले. त्याचा अनुयायी टॉरिचेली याने त्याचे कारण हवेच्या भारात आहे असे दाखविले. ही सीमा हिशेबाने चौतीस फुटांची, आणि व्यवहारात वीस-पंचवीस फुटांची. पाणी खाली गेले, तेव्हा शेतकऱ्यांनी विहिरीत ओटा बांधून एंजिनही खाली उतरविले. तेथे धूर कोंडून जीव गुदमरण्याचे भय असे. पुढे वीज आली, बोअर आली आणि पाण्यातच बुडून राहणारी मोटार आली. ती पाणी ओढीत नाही, खालून वर ढकलते. म्हणून हवेच्या भाराची ती सीमा तिला नाही. आज आमच्याच जिल्ह्यातील यावल आणि रावेर या केळीच्या तालुक्यांची गणना सरकारी मोजणीत भूजलाचा अतिउपसा झालेल्या भागांत होते.

याकरिता एंजिनाकडे परत चला असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. धूर, तेलाचा खर्च आणि पहाटेच्या थंडीत हँडल मारण्याचे कष्ट ज्यांनी सोसले, त्यांना ते सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. तरी मनात एक विचार राहून राहून येतो. त्या यंत्राचे जे वैगुण्य आपण मानले, तेच विहिरीची राखण करीत होते. पंचवीस फुटांखाली ते हात जोडून थांबे. आणि यंत्र थांबले म्हणजे माणसालाही थांबावे लागे. आमच्या हातून व्हॉल्व्ह बसतो, कडी बदलते, फवारा सुधारतो. पाण्याची पातळी मात्र कोणत्याही पान्याने वर येत नाही.

आमचे एक लिस्टर सध्या उत्तम चालते. जवळपास त्याच्या आवाक्यातली विहीर उरलेली नाही. म्हणून ते अंगणातील हौदाचे पाणी उचलून पुन्हा त्याच हौदात टाकते. त्याचा ठोका ऐकून रस्त्याने जाणारी जुनी माणसे क्षणभर थांबतात, आणि काही न विचारता पुढे जातात.