ज्वारी नव्हे, जवारी



टायपिंगची चूक नाही. आज ज्वारीवर नाही, तंबोऱ्याच्या जवारीवर लिहितोय. पण विषय रानातलाच आहे, शेवटपर्यंत वाचा.

आमच्या भीमाकाठच्या रानात अण्णा कडू भोपळा लावायचे. खायचा नव्हे, मिरजेला सतार-तंबोऱ्यासाठी जातो तो. फळ वेलावरच पुरतं पिकू द्यायचं, बूड कुजू नये म्हणून खाली पाचट घालायचं आणि मग खडखडीत वाळवायचं. एका वर्षी फार देखणा भोपळा निघाला. तो अण्णांनी विकला नाही. मिरजेला नेऊन त्याचा तंबोरा करून घेतला. भजनाला तोच घेऊन बसायचे. आता अण्णा नाहीत. माझी पोरगी गाणं शिकते, तंबोरा तिच्याकडं आहे.

गेल्या पावसाळ्यात त्याचा आवाज बसला. तार सुरात लागायची, पण गुंजायची नाही. छेडली की ठक्क करून गप. पोरगी म्हणाली, "बाबा, जवारी गेली. मिरजेला न्यावा लागेल."

मी म्हटलं, त्याला मिरज कशाला?

तारा ज्याच्यावरून जातात ती घोडी. वरून सपाट दिसते, पण हाडाच्या त्या पट्टीला किंचित बाक असतो, मानेकडं अगदी हलका उतार. वर्षानुवर्षं तारा घासून तिथं बारीक चऱ्या पडतात. मला चऱ्या दिसल्या. जन्मभर विळे पाजवलेत, फाळ शेवटून आणलेत. घेतली कानस, मारले दहा-बारा हात. चऱ्या गेल्या, पट्टी गुळगुळीत झाली. तारा चढवल्या आणि होता तोही आवाज गेला. खर्ज तर पत्र्यावर काठी मारल्यासारखा. पोरगी काही बोलली नाही. नुसती घोडीकडं बघत बसली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. अण्णांची वस्तू होती हो ती.

दुसऱ्या दिवशी मिरज गाठली. कारागीर चाचांनी घोडी डोळ्यासमोर आडवी धरली आणि पहिलंच विचारलं, "पाव्हणं, कानस कुणी मारली?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. सांगून टाकलं.

चाचा रागावले नाहीत. म्हणाले, "विळ्याला धार लागते. हिला धार नको, उतार पाहिजे."

मग समोर बसवून दाखवलं. तार छेडली की ती त्या बाकावर हलकेच टेकते, सुटते, परत टेकते. त्या टेकण्या-सुटण्यातनं वरचे बारीक सूर फुटतात आणि एक तार चार तारांसारखी गुंजते. उतार जास्त झाला तर तार टेकतच नाही, आवाज कोरडा. पट्टी फार सपाट झाली तर तार दबते, आवाज मेला. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या याच घोडीवर लिहिलंय. तार जिथं छेडली तिथं जे सूर नियमानं उमटायलाच नकोत, तेही या घोडीमुळं ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. आपले कारागीर ते कानानं ओळखत होते.

चाचांचं काम बघण्यासारखं होतं. कानशीचे दोन हात, तार चढवायची, ऐकायचं. परत उतरवायची, एक हात, परत ऐकायचं. चारही तारांचं वेगवेगळं, कारण खर्जाची तार जाड, तिचा झोका मोठा. शेवटी काचपेपर. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा घातला आणि तो केसभर पुढं-मागं सरकवत गेले. एका जागी आवाज एकदम उघडला. पाट सोडल्यावर पाणी सरीत शिरतं ना, तसा. पोरीनं डोळेच मिटले.

तीन तारा छान लागल्या. खर्ज पहिल्यासारखा नाही, पण बोलतो. चाचा म्हणाले, "पट्टीत आता एवढाच जीव आहे. ही शेवटची जवारी. पुढच्या वेळी नवी घोडी." म्हणजे अण्णांच्या घोडीची एक जवारी मी दहा-बारा हातांत वाया घालवली. काढलेलं हाड परत लावता येत नाही.

घरी तंबोरा असेल तर एवढं ध्यानात ठेवा. आवाज बसला की आधी दोरा सरकवून बघा, तो झिजला असेल तर बदला. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. सूर थोडा कमी-जास्त असेल तर घोडीखालचे मणी सरकवा. पण कानस हातात घेऊ नका.

आता आपल्याकडं वळतो. शेजाऱ्याचं बघून औषधाचा डोस वाढवणं, माती न तपासता खताची गोणी ओतणं, यात मी काय वेगळं करतो? हातात कला आहे म्हणून प्रत्येक कामाला तोच हात चालत नाही. आणि जे काढून टाकलं की परत येत नाही, तिथं दोन हात मारून थांबावं, ऐकावं.

यंदा बांधाकडंला कडू भोपळ्याचे चार वेल लावलेत. पोरीनंच बी जपून ठेवलं होतं. कुणी अजून हा भोपळा लावत असेल तर वाळवताना बुरशीचं काय करता ते जरूर सांगा.