चिंबोरी आणि एम-थ्री

आपल्या मराठवाड्यात खेकडा म्हणजे ओढ्याकाठच्या बिळातला. सर्दी झाली की त्याचा रस्सा प्यायचा, एवढीच ओळख. खाडीतल्या खेकड्याची भेट झाली सेकंड इयरला, तीही तोंड लपवायला गेलो म्हणून!

रिझल्ट लागला होता. एम-थ्रीसकट तीन विषय बॅक. फी भरलेली आप्पांनी सोयाबीन विकून. फोनवर ठोकून दिलं, "रिझल्ट अजून लागला नाही." आणि सुट्टीत घरी न जाता रूम पार्टनरबरोबर रात्रीची देवगिरी पकडून मुंबई, तिथून एसटीने मुरूड.

त्याच्या घरी चिंबोऱ्या पकडून विकतात. पुस्तकातलं नाव सिला; आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक बेटांपर्यंत उबदार खाड्यांत, तिवरांच्या चिखलात राहणारी. जाळ्यात दोन आल्या. एक जुनाट, डागाळलेली. दुसरी मोठी, चकचकीत. मी म्हटलं, "ही भारी!" काकूंनी दोन्ही दाबून पाहिल्या आणि चकचकीत होती तीच पाण्यात सोडली!

"नुकतीच कात टाकलीय रे. आत नुसतं पाणी. भरायला महिना तरी लागेल."

रात्री रस्सा-भात ओरपताना मित्रानं सगळं सांगितलं. चिंबोरीचं कवच वाढत नाही, म्हणून ते टाकून तिला बाहेर यावं लागतं. तेव्हा ती मऊ असते. दुसऱ्या चिंबोऱ्यासुद्धा तिला खातात. पण पाणी शोषून ती मोठी होते ती त्याच वेळी, मग नवं कवच घट्ट होतं. मादी कात टाकायच्या बेतात असली की नर तिला कित्येक दिवस पोटाखाली धरून फिरतो, नंतरही राखण करतो.

माझा घास हातातच राहिला. लपायला हरकत नव्हती. पण जो राखण करणार, त्याच्यापासूनच मी लपलो होतो!

सकाळी स्टँडवरून फोन लावला. "आप्पा, रिझल्ट लागलाय. तीन विषय गेले." बराच वेळ आवाज नाही. वाटलं, रेंज गेली. मग म्हणाले, "कोणते? थांब, लिहून घेतो."

आप्पा सातवी पास. एम-थ्री म्हणजे काय, त्यांनी विचारलं नाही. फक्त लिहून घेतलं.

पुढच्या परीक्षेत दोन सुटले. तो कागद घरी देवळीत ठेवलेला असतो. परवा गेलो तेव्हा पाहिलं, दोन नावांवर पेनानं रेघ मारलीय. एम-थ्री तेवढं बाकी आहे.

भरायला वेळ लागतो, काकू म्हणाल्याच होत्या...