आखाजीच्या दिवसांत खानदेश

खानदेश म्हटलें कीं आपल्याकडील वाचकांच्या मनांत कापूस, केळीं, कडक ऊन आणि वांग्याचें भरीत इतक्याच गोष्टी येतात. तापीच्या खोऱ्यांतला हा मुलूख पूर्वीं एकच जिल्हा होता. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढें जळगांव आणि धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळें निघालें. गेल्या वैशाखांत एका आप्ताच्या घरीं मंगलकार्य होतें. त्या निमित्तानें आम्हां उभयतांचा चाळीसगांवाहून धुळें, तेथून जळगांव आणि पुढें यावलपर्यंत असा फेरा झाला. प्रेक्षणीय स्थळांचें वर्णन आजवर पुष्कळांनीं केलें आहे. मला या खेपेस पाहावयाचें होतें तें हें, कीं ज्यांच्याजवळ तारण ठेवण्यास शेत नाहीं कीं दागिना नाहीं, त्यांना धंद्यासाठीं चार पैसे कोण देतो, आणि ते पैसे परत कसे जातात.

चाळीसगांव ते धुळें हा आगगाडीचा फांटा लहानसा आहे. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंस काळी जमीन नांगरून उन्हांत तापत पडलेली होती. डब्यांत निम्म्याहून अधिक माहेरवाशिणी होत्या, कारण आखाजी तोंडावर आली होती. आपण जिला अक्षय्यतृतीया म्हणतों, ती इकडे आखाजी. लेकी माहेरीं येतात, झाडाला झोका बांधतात, पितरांना जेवूं घालतात. पण याच सणाला खानदेशांत आणखी एक अर्थ आहे, तो शहरांतील वाचकांस ठाऊक नसावा. शेतावर वर्षाच्या कराराने राहणारा जो गडी, म्हणजे सालदार, त्याचें साल आखाजीला संपतें आणि आखाजीलाच नवें ठरतें. ठरतांना तो उचल घेतो. त्या उचलीवर घरांतलें एखादें लग्न, एखादें दुखणें, मागचें देणें निभावतें, आणि पुढचे बारा महिने तो बांधला जातो. सालदार हा कर्जदारच होय. फक्त त्याचें तारण म्हणजे त्याचें स्वतःचें वर्ष असतें.

हें ध्यानांत आलें म्हणजे या प्रांतांतील पैशांची चाल कळते. खर्च मृगाच्या आधीं येतो. कापूस घरांत येतो तो दसऱ्यापासून पुढें. मधल्या चार-पांच महिन्यांचा जो खड्डा, तो ज्यानें भरावा त्याची सत्ता. सावकार पैसा विकत होता असें आपण म्हणतों. माझ्या मतें तो वेळ विकत होता. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, पुढें गांवोगांव सोसायट्या निघाल्या, त्यांनीं सातबाऱ्यावर नांव असलेल्या शेतकऱ्याचा हा खड्डा पुष्कळ अंशीं भरला. ज्याचें सातबाऱ्यावर नांव नाहीं, तो मात्र बाहेरच राहिला. आणि बायकांचीं नांवें तेथें असतात तरी किती?

धुळें हें पांझरेच्या कांठचें गांव. येथील जुन्या पेठेंत गल्ल्यांना नांवांऐवजीं आंकडे आहेत. पत्ता सांगतांना लोक 'गल्ली नंबर चार' असें सांगतात. आमच्या यजमानांच्या शेजारच्या घरीं बचत गटाची बैठक होती, तेथें सौभाग्यवतीबरोबर मीही जाऊन बसलों. बायका पंधरा होत्या. प्रत्येकीनें महिन्याची ठरलेली रक्कम पुढें ठेवली, वहींत नोंद झाली, न येणारीला दंड लागला, आणि जमलेल्या पैशांतूनच एकीला कर्ज दिलें गेलें. शिलाईयंत्र दुरुस्त करून घ्यावयाचें होतें, रक्कम लहानच होती. सहा महिने असा नियमित व्यवहार झाला म्हणजे बँक अशा गटाला त्याच्या बचतीच्या कांहीं पट कर्ज देते, तारण मागत नाहीं. नाबार्डनें १९९२ सालीं ही पद्धति पांचशें गटांवर प्रयोग म्हणून सुरू केली. आतां ती देशभर पसरली आहे.

व्याज विचारलें, तर महिन्याला शेकडा दोन. मी दचकलों, कारण वर्षाचे चोवीस झाले. परंतु तें व्याज गटाच्याच पेटींत पडतें व वर्षाअखेर वांटणींत परत येतें, म्हणून त्यांना तें जड वाटत नाहीं. मनुस्मृतींत वसिष्ठाच्या नांवावर महिन्याला शेकडा सव्वा असा दर सांगितला आहे. तेथेंच वर्णाच्या अनुक्रमानें दोन, तीन, चार आणि पांच असेही दर आहेत, म्हणजे ब्राह्मणाला सर्वांत थोडा आणि शूद्राला सर्वांत अधिक. हें शिकतांना लाज वाटे. पण आज तरी काय आहे? पक्क्या घरावर बँक आठ-नऊ टक्क्यांनीं देते, आणि जिच्याजवळ कांहींच नाहीं तिला खाजगी कंपन्या वर्षाला वीसच्या वरच आकारतात. वर्ण सुटला, क्रम राहिला.

पारोळें, एरंडोल करीत आम्ही जळगांवीं आलों. येथें एका बाईंच्या घरीं खापरावरचे मांडे होतांना पाहिले. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवीत फिरवीत कोपरापर्यंत पसरावयाचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडावयाचा. पाहणाऱ्याचाच श्वास अडकतो! या बाई लग्नकार्याच्या व आखाजीच्या मागण्या घेतात. गटाकडून घेतलेल्या कर्जांतून त्यांनीं गहूं, डाळ आणि गूळ घाऊक भावानें भरला होता. आज माल केला कीं आज पैसे हातीं, त्यामुळें हप्ता त्यांना कळतही नाहीं.

बांगलादेशांत चितगांवजवळील जोबरा या खेड्यांत १९७६ सालीं महंमद युनूस यांनीं बेचाळीस जणांना मिळून ८५६ टाका दिले, त्यांतूनच पुढें ग्रामीण बँक उभी राहिली व २००६ सालीं तिला व त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्या खेड्यांतील बायका बांबूचीं स्टुलें विणीत. बांबूचे पैसे व्यापारी देई आणि स्टूल आपल्याच भावानें घेई. रोज विणलें, रोज विकलें. अशा धंद्याला आठवड्याचा हप्ता शोभतो. जगांत पुष्कळ ठिकाणीं लोकांनीं तो हप्ता मात्र उचलला आणि धंदा पाहिला नाहीं.

याचा प्रत्यय यावलच्या पुढें, सातपुड्याच्या पायथ्याशीं एका वस्तींत आला. एका बाईनें कंपनीचें कर्ज काढून दोन बकऱ्या घेतल्या होत्या. बकरी पांच महिने गाभण राहते, आणि करडूं विकण्याजोगें होण्यास आणखी आठ-नऊ महिने लागतात. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू. कंपनीच्या गटांत एकीनें चुकवलें तर बाकीच्या चौघींनीं भरावयाचें, म्हणून त्याच तिच्या दारीं येऊन बसत. तिनें दुसऱ्या कंपनीचें कर्ज काढून पहिलीचे हप्ते भरले, आणि शेवटीं एक गाभण बकरी पडत्या भावांत विकली. अशाच साखळीनें आंध्र प्रदेशांत २०१० सालीं आत्महत्या झाल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. रिझर्व्ह बँकेनें २०२२ पासून घराच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत असा नियम केला आहे. नियम चांगला, पण बकरीवालीचें 'मासिक उत्पन्न' कोणत्या महिन्याचें धरावें?

तेव्हां आपली बचत व आपलीच संस्था बरी, असें म्हणावें तर जळगांवांतच त्याचीही दुसरी बाजू दिसते. भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेंत हजारों ठेवीदारांचा पैसा अडकला. २०१५ सालीं संस्थापक व संचालक यांना अटक झाली आणि संस्थेवर अवसायक आला. ज्या संस्थेची वही पंधरा बायका एकत्र बसून वाचतात ती, आणि जिची वही सभासदानें कधीं पाहिलीच नाहीं ती, या दोहोंना आपण 'सहकार' हा एकच शब्द लावतों, हें मला खटकतें.

यावलकडील त्या बाई आतां वस्तींतल्याच एका बचत गटांत आल्या आहेत. आम्ही गेलों त्या दिवशीं त्यांच्या अर्जाचा विचार चालला होता. बराच वाद झाला. एक म्हातारी तर नियम मोडतां म्हणून उठून चालली होती. अखेरीस असें ठरलें कीं एका गाभण बकरीपुरतें कर्ज द्यावें, महिन्याला व्याज तेवढें घ्यावें, आणि मुद्दल बकरी-ईदच्या बाजारांत बोकड विकल्यावर एकदम भरावें. लिहिणारी मुलगी दहावींत शिकत होती. तिनें ठराव वहींत लिहिला, मोठ्यानें वाचून दाखविला, आणि सर्वांच्या सह्या व अंगठे घेतले.