अब्बांचा ब्रश

गेल्या रमजानपासून अब्बांच्या दाढीच्या ब्रशचे केस गळायला लागले होते. फेसाबरोबर दोन-चार केस गालाला चिकटून राहायचे. शेवटी एका शुक्रवारी सकाळी केसांचा सगळा झुबकाच मुठीतून निघून हातात आला. अब्बा जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांचे घड्याळ धाकट्या भावाने घेतले होते, मी ब्रश घेतला होता. मी छोटी दाढी ठेवतो, पण गाल आणि मान रोज साफ करतो, तीही जुन्या पद्धतीने: गोल डबीतला साबण, कोमट पाणी आणि ब्रश. बोटाने क्रीम चोपडून दाढी करणे मला जमत नाही.

संध्याकाळी मिरजेच्या लक्ष्मी मार्केटजवळच्या नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदार जैन, माझ्याच वयाचा, ओळख जुनी. त्याने दोन ब्रश पुढे ठेवले. एक नायलॉनचा, दुसरा जरा महाग.

"हा घ्या सर. असली केसांचा आहे. मी पण हाच वापरतो की."

खोक्यावर 'प्युअर ब्रिसल' असे छापले होते. ब्रिसल म्हणजे राठ केस, एवढे मला ठाऊक होते. पण कोणाचे? दुकानदार म्हणाला, "घोड्याचे असतील." माझा एक मित्र रंगकामाची कंत्राटे घेतो. त्याला तिथूनच फोन लावला. तो हसायलाच लागला. "अरे, ब्रशच्या धंद्यात नुसतं ब्रिसल म्हटलं की ते डुकराचं. घोड्याचं असलं तर तसं लिहितात."

फोन स्पीकरवर होता. आम्ही दोघेही त्या ब्रशकडे बघत राहिलो. अडचण माझ्या एकट्याची आहे असे मला वाटले होते, पण दुकानदाराचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त उतरला. "काय सांगताय! आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा येत नाही हो."

खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो. ब्रशच्या खोक्यावर कोण बघतो? मी काहीच न घेता घरी आलो आणि दोन-तीन दिवस वाचत बसलो.

दाढीचे ब्रश मुख्यत्वे चार प्रकारचे. डुकराच्या केसांचा ब्रश राठ असतो. तो आधी पाण्यात भिजवावा लागतो, आणि काही आठवडे वापरल्यावर केसांची टोके फाटून मऊ होतात. बॅजर नावाचा बिळात राहणारा प्राणी असतो. त्याच्या केसांचा ब्रश पाणी चांगले धरतो आणि महाग असतो. हे केस बहुतेक चीनमधून येतात, प्राणी मारून काढलेले. घोड्याचे केस आयाळीचे आणि शेपटीचे, त्यासाठी घोडा मारावा लागत नाही. चौथा कृत्रिम धाग्याचा. तो भिजवायला नको आणि लवकर वाळतो.

आमचे घर हनफी, पण बायको रत्नागिरीकडची, म्हणजे शाफई. हनफी फिकहमध्ये मेलेल्या जनावराचा केस पाक धरतात, कारण केसात जीव नसतो. डुक्कर मात्र त्यातून वगळलेले. शाफईंच्या मते जनावर रीतसर जबह झालेले नसेल तर त्याचा केसही नापाक. एका घरात दोन मजहब, तेव्हा बॅजर बाद झाला. जिवंत घोड्याचा कापलेला केस दोघांनाही चालतो, पण तो ब्रश मिरजेत मिळेना.

वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. पहिल्या महायुद्धात इंग्लंड-अमेरिकेतल्या काही सैनिकांना दाढीच्या ब्रशमधून अँथ्रॅक्स झाला होता. रोगट जनावरांचे केस नीट निर्जंतुक न करताच ब्रशात भरले होते. म्हणजे केस कोणाचे, कुठून आले, हा प्रश्न फक्त धर्माचा नाही.

जुन्या हनफी ग्रंथांत मोच्यांचा विषय येतो. चामडे शिवायला डुकराचा राठ केस लागे, त्याला पर्याय नव्हता. म्हणून त्या कामापुरती मुभा दिली गेली, आणि त्यावरही फकीहांमध्ये मतभेद झाले. मुभा गरजेपोटी होती. पुढे 1938 मध्ये अमेरिकेत नायलॉनचा टूथब्रश विकायला आला. त्याआधी टूथब्रशलाही डुकराचेच केस असत. आता माझ्यासमोर तर दीडशे रुपयांत पर्याय होता. माझी गरज कसली? फक्त 'असली केस' या शब्दाचा मोह.

मग अब्बांचा ब्रश? हा प्रश्न टाळता येईना. अब्बा इतिहासाचे मास्तर. 1857 ची काडतुसे त्यांनी वर्गात किती वेळा शिकवली असतील! ते गुळगुळीत दाढी करत, त्यावरून मशिदीत टोमणेही ऐकत, पण नमाज चुकवत नसत. दर जुम्याला हाच ओला ब्रश त्यांच्या गालावर फिरायचा. मी तो झुबका खिडकीशी नेला. एक केस जाळला असता तर प्लास्टिक वितळून गोळी होते की केसाचा वास येतो, ते कळले असते. टोके भिंगाखाली धरली असती तर फाटलेली आहेत का, तेही दिसले असते.

अम्मीने पाहिले. "क्या देखता रे उसमें? फेकू नको, अब्बाकी निशानी हाय."

फिकहचा एक नियम आहे: शंकेने खात्री मोडत नाही. अब्बांना माहीत नव्हते, आणि त्यांना सांगणारेही कोणी नव्हते. त्यांच्या नमाजांचा हिशोब मी भिंग घेऊन का करावा? पण नवा ब्रश घेताना विचारायची सोय मला आहे, म्हणून विचारणे माझ्यावर आहे. केसांचा झुबका मुठीत परत बसवला आणि ब्रश कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी नायलॉनचा घेऊन आलो.

परवा साबण आणायला गेलो, तर दुकानदाराने नायलॉनचे ब्रश पुढे मांडले होते. त्याने ठोक व्यापाऱ्याला विचारले होते, त्यालाही ब्रिसल म्हणजे काय ते ठाऊक नव्हते.

"फेस येतो का हो चांगला?" त्याने हळूच विचारले.

म्हटले, "येतो. पाणी कमी धरतो, म्हणून ब्रश मधूनमधून बुडवायचा."

तो म्हणाला, "हां, तेच माझं चुकत होतं."