पुसलेली बाजू

कर्जतहून खोपोलीला जाणारी गाडी एकेरी मार्गाने जाते. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी चार छोटी स्थानके घेत ती पंधराएक किलोमीटरचे अंतर कसलीही घाई न करता कापते. ३० जानेवारी २०२२ च्या रविवारी, मिस्सा आटोपून मी त्या गाडीत बसलो तेव्हा आपण कशासाठी चाललो आहोत हे कोणी विचारले असते तर मला सांगायला संकोच वाटला असता. अठ्ठावन्न वर्षांचा, धर्मग्रामाच्या गायकवृंदात चाळीस वर्षे घालवलेला माणूस एका इंग्रजी रॉक संगीताचा नवा अल्बम ऐकायला धाकट्या भावाकडे निघाला होता.

दोन दिवसांपूर्वी भावाचा फोन आला होता. "दादा, जेथ्रो टलचा नवा अल्बम आलाय. रविवारी आम्ही सगळे ऐकणार आहोत. तूही ये. यात तुझं बायबल आहे."

'तुझं बायबल' हे शब्द मी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

वाचकांपैकी बहुतेकांना हे नाव अपरिचित असेल, म्हणून थोडे सांगतो. मूळचा जेथ्रो टल हा अठराव्या शतकातला इंग्रज शेतीसुधारक. पेरणीच्या यंत्राचा, म्हणजे आपल्याकडच्या पाभरीच्या एका जातभाईचा, तो जनक. आमच्या भातलावणीच्या मुलखात पाभरीला काम नाही, ती घाटावरची. त्याचे नाव १९६० च्या दशकाअखेरीस इंग्लंडमधल्या एका वाद्यवृंदाने घेतले. त्याचा प्रमुख इयन अँडरसन एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो. ही बासरी आपल्या वेळूच्या बासरीसारखी गोड बोलत नाही. ती धापा टाकते, फुत्कारते, मधेच गुरगुरते. त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. तीन मिनिटांच्या प्रेमगीतात न मावणारे ते संगीत आहे. मधेच लय बदलते, चाल मोडून दुसरी सुरू होते, आणि कधी एका विषयाभोवती सगळी तबकडी गुंफलेली असते. १९७२ चा त्यांचा 'थिक अॅज अ ब्रिक' हा अल्बम म्हणजे दोन बाजूंवर पसरलेले एकच गीत. हे सर्व मी आज समजुतीने लिहितो आहे. तेव्हा मला यातले काही ठाऊक नव्हते आणि जाणून घेण्याची इच्छाही नव्हती.

नव्या अल्बमचे नाव 'द झेलट जीन'. अँडरसनने २०१७ मध्ये त्याची सुरुवात केली ती शब्दांची एक यादी करून. क्रोध, मत्सर, सूड, प्रेम, करुणा, निष्ठा अशा माणसाच्या तीव्र भावनांची ती यादी होती. मग त्याने बायबलमध्ये या भावना कुठे कुठे भेटतात ते शोधले आणि त्या वचनांवरून बारा गीते रचली. हा माणूस स्वतःला श्रद्धावंत म्हणवत नाही. तरीही इंग्लंडमधल्या जुन्या कॅथीड्रलांच्या डागडुजीला हातभार लागावा म्हणून नाताळात तो तिथे मैफली करत आला आहे. काही गीते साथीदारांना घेऊन झाली, तोच महामारी आली. उरलेली पाच त्याने बहुतांशी घरी बसून पुरी केली. साथीदारांनी आपापले तुकडे दुरून पाठवले. फुप्फुसांचा जुना आजार आपल्याला जडला आहे हे त्याने २०२० मध्ये जाहीर केले होते. अल्बम आला तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.

भावाच्या घरी आम्ही चौघे होतो. भाऊ, कारखान्यातून निवृत्त झालेला आणि एके काळी लग्नांच्या बँडमध्ये गिटार वाजवणारा त्याचा मित्र, माझा पुतण्या आणि मी. खिडकीतून टाटांच्या वीजकेंद्राकडे उतरणारे डोंगरावरचे जाड नळ दिसत होते. पुतण्याने मोबाइल लावला आणि पाऊण तास कोणी फारसे बोलले नाही.

बोलणे सुरू झाले ते संपल्यावर. गिटारवाल्या मित्राचे पहिले वाक्य मला आठवते. "मार्टिन बार नाही, मग हे टल कसलं?" बार हा १९६९ च्या दुसऱ्या अल्बमपासून चार दशके अँडरसनबरोबर असलेला गिटारवादक, तो या अल्बमवर नाही. त्याच्या जागी जो वाजवतो तो नेटका आहे, पण नेटकेपणाने या मित्राचे समाधान होईना. पुतण्या नव्या पिढीचा. त्याला गीते आखूड वाटली. "आता कुठे रंगतंय म्हणेपर्यंत संपतं," तो म्हणाला. शीर्षकगीतावर मात्र तो खूश होता. समाज दोन टोकांना ओढणाऱ्या अतिरेकी पुढाऱ्यांविषयीचे ते गीत त्याला आजचे वाटले. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आवाज गेला रे त्याचा. सगळं खालच्या पट्टीत. वर जायचं तिथे बासरीला पुढे करतो." हे तो तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही. घरातल्या वडीलधाऱ्याची नजर कमी झाली हे सांगावे तसा त्याचा स्वर होता.

आणि मी? मला अल्बम फार आवडला. पहिलेच गीत सदोम नगरीच्या आगीवरचे, आणि त्यात हिरोशिमा. ज्या विमानाने ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब टाकला त्याला वैमानिक टिबेट्सने आपल्या आईचे नाव दिले होते. मिसेस टिबेट्स ती हीच. पुढे सिनाय पर्वत, एलिझाबेथ आणि अरण्यातला योहान, विश्वासघात, पवित्र शनिवार, संत पौलाचा प्रीतीवरचा अध्याय. प्रत्येक ठिकाणी मी ओळख पटल्याच्या आनंदाने मान डोलावत होतो. शेवटी मी म्हणालो, "पाहा, पन्नास वर्षांनी का होईना, माणूस वळणावर आला."

भावाने कप खाली ठेवला. "दादा, तुला बायबल ऐकू आलं. गाणं ऐकू आलं नाही. तेव्हाही असंच झालं होतं."

त्या 'तेव्हा'ची हकिगत आता सांगायला हवी.

आमचे वडील रेल्वेत होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतपासून मागून रेटणाऱ्या बँकर इंजिनांवर त्यांची नोकरी. १९८६ साली भाऊ सोळा वर्षांचा आणि मी बावीसचा. मी युवक मंडळाचा चिटणीस होतो. भावाने खाऊचे पैसे साठवून मुंबईहून एक कॅसेट आणली. जेथ्रो टलचा १९७१ चा 'अॅक्वालंग'. दिवसभर घरात तीच वाजे. वडिलांचा आक्षेप नव्हता; त्यातले थांबवता न येणाऱ्या आगगाडीवरचे 'लोकोमोटिव्ह ब्रेथ' ऐकून ते इतकेच म्हणत, "ह्याला ब्रेक नाही. घाटात चालायचं नाही."

आक्षेप माझा होता. दुसऱ्या बाजूचे पहिले गीत 'माय गॉड'. शब्दकोश घेऊन मी बसलो, चार शब्द लावले आणि निकाल दिला की हे देवनिंदेचे संगीत आहे. अँडरसनचा रोख देवाला आपल्या कपाटात कुलूपबंद करून ठेवणाऱ्यांवर होता, देवावर नव्हता, हे समजायला मला किती वर्षे लागली ते सांगण्यात अर्थ नाही. नाताळच्या आधीची गोष्ट. गायकवृंदाची तालीम मुद्रित करायची होती आणि कोरी कॅसेट हाताशी नव्हती. असे मी सगळ्यांना सांगितले. खरे तर कोरी कॅसेट बाजारात मिळत होती.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन खाचा असतात. विकतच्या कॅसेटमध्ये तिथल्या प्लास्टिकच्या जिभळ्या काढलेल्या असतात, म्हणजे चुकून कोणी वर मुद्रण करू नये. खाचेवर चिकटपट्टी लावली की तो अडसर दूर होतो. मी चिकटपट्टी लावली, दोन कळा एकदम दाबल्या आणि 'माय गॉड'वर आमची नाताळगीते मुद्रित केली. तालीम चौदा-पंधरा मिनिटे चालली.

भाऊ भांडला नाही. त्याने कॅसेट पुन्हा मागितली नाही आणि गायकवृंदातही पुन्हा आला नाही. हळूहळू देवळात त्याचे येणे लग्ने आणि अंत्यविधी यांपुरते उरले. पुढच्या वर्षी एका युवक मेळाव्यात मी ही हकिगत अभिमानाने सांगितली. टाळ्या मिळाल्या. आणि त्यानंतर वर्षानुवर्षे, कोणी विचारले की मी सांगत आलो, रॉक संगीताने माझा भाऊ देवळापासून तोडला.

खोपोलीहून परतताना मी गाडीत गप्प बसलो होतो. पुतण्याने माझ्या मोबाइलवर अल्बम घालून दिला होता. इयरफोन लावले. अल्बममधले दुसरे गीत, 'जेकब्ज टेल्स', सव्वादोन मिनिटांचे आहे. सकाळी ते वाजत असताना मी चहात साखर ढवळत होतो. ते कधी सरले कळले नव्हते. गिटार, हार्मोनिका आणि वयाने पोखरलेला आवाज, एवढाच त्याचा संसार. विषय याकोब आणि एसाव यांचा. एका भावाने दुसऱ्याचे जे हिरावले त्याचा. उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायावर मी धर्मशिक्षणाच्या वर्गात कितीदा बोललो असेन! शेळीच्या करडांची कातडी हाताला गुंडाळून याकोब आंधळ्या बापाकडे जातो तो प्रसंग मुलांना फार आवडतो. कातड्याच्या जागी चिकटपट्टी असू शकते हे मला कधी सुचले नाही.

केळवलीला गाडी बराच वेळ उभी राहिली. मी ते गीत तीनदा ऐकले. शब्द तिसऱ्या वेळी सुटले आणि हार्मोनिका तेवढी राहिली.

उपवासकाळात तो अल्बम मी अनेकदा ऐकला. पहिल्या दिवशीची माझी खुशी टिकली नाही. ओळखीची नावे ऐकून होणारी खुशी ती, टिकण्यासारखी नव्हतीच. काही गीते आता मला बेताची वाटतात, एखादे तर व्याख्यानासारखे. गिटारवाल्या मित्राची तक्रारही कळू लागली. पण शेवटचे, इफिससच्या कोळ्याचे गीत मनात घर करून राहिले. सगळे सोबती हौतात्म्य पत्करून गेले, आणि मागे एकटा उरलेला वृद्ध योहान. मागे उरण्याचे ओझे ज्याला माहीत आहे त्यानेच ते गावे, आणि अशाच थकलेल्या आवाजात गावे.

पवित्र शनिवारी, १६ एप्रिलला, पास्काविधीला अजून अवकाश होता. मी ट्रंकेतून ती कॅसेट काढली आणि सकाळच्या गाडीने खोपोलीला गेलो. भावाजवळ जुना टेपरेकॉर्डर अजून होता. मी कॅसेट त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "कोरी कॅसेट तेव्हा मिळत होती."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मीच तुला दुकान दाखवलं होतं."

त्याने दुसरी बाजू लावली. पट्टा थोडा थरथरला, मग आमची तालीम सुरू झाली. पेटी बेसूर, मुले घाईत, आणि या सर्वांच्या वर आमच्या आईचा आवाज. आई जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही मुद्रित नाही. भाऊ पाहत होता खिडकीबाहेर. चौदाव्या मिनिटाच्या आसपास गाणे अर्ध्यात तुटले, एक खट् असा आवाज झाला, आणि त्यामागून 'लोकोमोटिव्ह ब्रेथ'चे उरलेले इंजिन भरधाव आले. पुतण्या आतल्या खोलीतून धावत आला. "हे काय लावलंत?"

भाऊ हसला. बऱ्याच वर्षांनी मी त्याला तसे हसताना पाहत होतो. गीत संपू दिले, मग कॅसेट काढून त्याने उलटी केली आणि मी हात न लावलेली पहिली बाजू लावली.

"बस," तो म्हणाला. "शब्द धरू नको. नुसतं ऐक."

माझी गाडी बाराची होती. मी त्यानंतरच्या गाडीने आलो.