अर्धा बाउल

सेल सेव्हरचा, म्हणजे ऑपरेशनमध्ये सांडलेलं रक्त धुवून परत देणाऱ्या मशीनचा, २२५ मिलिलिटरचा बाउल पूर्ण भरला की रक्त नीट धुतलं जातं, हे आमच्या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. प्रश्न अर्ध्या भरलेल्या बाउलचा आहे, आणि हार्ट-लंग पंपामागे बसण्याच्या माझ्या साऱ्या काळात याच एका प्रश्नाने मला छळलं आहे. झडप बदलून झाली, प्रोटामिन गेलं, छाती कोरडी झाली, रिझर्व्हॉयर रिकामा झाला आणि तांबड्या पेशींचा थर बाउलच्या निम्म्यावर अडकला. तसाच धुवावा तर सलाइन पातळ थरातून वाट काढून निघून जातं, हिमॅटोक्रिट घसरतो, हेपरिन आणि फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन मागे राहण्याची धास्ती असते. टाकून द्यावा, तर पेशंटचं स्वतःचं रक्त कचऱ्याच्या पिशवीत जातं. बहुतेक जण टाकून देतात. माझं म्हणणं असं, की हा निर्णय बाउलकडे बघून घेणंच चूक आहे. तो पेशंटकडे बघून घ्यायला हवा.

मालेगावहून झडपेच्या ऑपरेशनसाठी नाशिकला येणारी एखादी बाई डोळ्यांपुढे आणा. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आवळलेली, वजन ४० किलो, हिमोग्लोबिन १०. यात अतिशयोक्ती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या आहेत. किलोला ६५ मिलिलिटर धरलं तर तिच्या अंगात २६०० मिलिलिटर रक्त आणि त्यात निव्वळ तांबड्या पेशी ७८० मिलिलिटर. पंपाचं प्राइम, म्हणजे नळ्यांत आधी भरलेलं द्रावण, १३०० मिलिलिटर धरा. ते मिसळलं की तिचा हिमॅटोक्रिट ३० वरून थेट २० वर येतो, तोही एक थेंब सांडण्याआधी. तेच ८० किलोच्या धडधाकट पुरुषाकडे २३०० मिलिलिटरहून जास्त पेशी असतात. त्याला हे प्राइम जाणवतही नाही. नीट धुतलेल्या भरल्या बाउलमध्ये साधारण १२५ मिलिलिटर पेशी असतात. त्या पुरुषाच्या दृष्टीने हा ऐवज वीस भागांतला एक, बाईच्या दृष्टीने सहा भागांतला एक. म्हणजे तिचा अर्धा बाउल त्याच्या भरलेल्या बाउलहून मोलाचा. आणि आपण मशीन आणतो कोणासाठी? दुसऱ्यांदा छाती उघडायच्या रेडोसाठी, महाधमनीसाठी, जिथे रक्त धो धो जाणार तिथे. बारीक अंगाच्या बाईची साधी मायट्रल ‘छोटी केस’ ठरते आणि मशीन कोपऱ्यात झाकून राहतं.

यावर पहिला आक्षेप पुराव्याचा येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात सेल सेव्हरमुळे परकं रक्त लागण्याचं प्रमाण हाडांच्या शस्त्रक्रियांत निम्म्याहून खाली आलं, हृदयाच्या शस्त्रक्रियांत मात्र जेमतेम चौथ्या हिश्शाने घटलं. एवढ्यासाठी हा खटाटोप कशाला, असं विचारणारे सर्जन मला भेटतात. पण ती सरासरी आहे. तिच्यात ८० किलोचे पुरुषही आहेत, ज्यांना मशीन असो वा नसो, रक्त लागणारच नव्हतं. ज्यांना एका बाउलने उंबरठ्याच्या अलीकडे ठेवलं असतं ते पेशंट सरासरीत बुडून जातात. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त चढवण्याचा हा उंबरठा ७.५ हिमोग्लोबिनवर आणला तरी चालतं, हे २०१७ मध्ये ट्रिक्स-३ या मोठ्या चाचणीने दाखवलं. उंबरठा खाली आला की साठ मिलिलिटर पेशींचंही वजन वाढतं.

दुसरा आक्षेप धुण्यावरच आहे. धुताना प्लेटलेट आणि रक्त गोठवणारे घटक वाहून जातात; त्यापेक्षा पंपातलं उरलेलं रक्त न धुता परत द्या, किंवा हिमोफिल्टर लावून फक्त पाणी काढा, असं म्हणणारे आहेत. चार-पाच बाउल परत दिल्यावर रक्त गोठेनासं होतं, हे मान्य. पण इथे वाद एका-दीड बाउलचा आहे. हिमोफिल्टर चरबी काढत नाही, आणि पेरिकार्डियममधून ओढलेलं रक्त म्हणजे चरबीचे थेंब आणि चेतवलेले घटक यांचं मिश्रण. ते पंपाच्या कार्डिऑटमी सक्शनमधून तसंच परत गेलं तर चरबी मेंदूच्या बारीक वाहिन्यांत जाऊन बसते. माझा हिशेब सोपा आहे: छातीतलं रक्त धुवायचंच, पंपातलं केस बघून.

अर्ध्या बाउलवर तोडगा याच पंपात आहे. छातीतलं रक्त घाईने धुवू नये, रिझर्व्हॉयरमध्ये राहू द्यावं. पंप सुटला, कॅन्युला निघाल्या, की सर्किटमधलं उरलेलं रक्त मागून सलाइन ढकलून त्याच रिझर्व्हॉयरमध्ये घ्यावं आणि मग बाउल चालू करावा. मॉप सलाइनमध्ये पिळून घ्यावेत. बर्फाचं पाणी मात्र भिंतीच्या सक्शनने बाहेर काढावं. रिझर्व्हॉयरमध्ये लिटरभर दिसतं, पण हिमॅटोक्रिट ८ असेल तर त्यात ८० मिलिलिटरच पेशी, म्हणजे बाउल पूर्ण भरणारच नाही. नव्या मुलांना रिझर्व्हॉयरवरचा मिलिलिटरचा आकडा खरा वाटतो. ऑटोवर टाकलं की सेन्सर थर बघतो, ठरलेलं लिटरभर सलाइन जातं, मशीन वाजतं आणि पिशवी टांगली जाते. धुऊन निघालेलं पाणी नेणाऱ्या वेस्ट लाइनकडे कुणी बघत नाही. मालेगावात सूत रंगवणारा कारागीर घड्याळ बघून धुणं थांबवत नाही, निथळणाऱ्या पाण्याचा रंग बघून थांबवतो. माझा त्या रंगावरचा डोळा आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही, म्हणूनच हे लिहून ठेवतो आहे.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पॅकेज ठरलेलं, किट काही हजारांचं. पण आधी फक्त रिझर्व्हॉयर आणि सक्शनची नळी उघडावी. पेशी पुरेशा जमल्या तरच बाउलचा संच फोडावा. १२५ आणि ७० मिलिलिटरचे बाउलही मिळतात. ते मागवायचा कंटाळा आपलाच. उलट बाजूचा खर्च कुणी मांडत नाही. व्यावसायिक रक्तदाते १९९८ पासून बंद झाले, २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने बदली रक्तदात्यांची पद्धत संपवायचं ठरवलं. तरी ‘चार बाटल्यांची सोय करा’ हे वाक्य नातेवाइकांच्या कानी पडतंच. यंत्रमागावरचा भाऊ पाळी बुडवून शंभर किलोमीटर येतो, तो खर्च कोणत्याच पॅकेजमध्ये नाही.

या सगळ्यात माझी हौसही आहे, ती लपवत नाही. बाटली न लावता केस बाहेर गेली की मी दोन दिवस ताठ चालतो, आणि दुसऱ्या पंपवाल्याने किती बाटल्या लावल्या हे आडून विचारतो. ही हौस धोक्याची आहे. लॅक्टेट चढत असताना आकड्याच्या अभिमानापायी रक्त नाकारणं हा गुन्हाच. म्हणून निर्णय हौसेवर सोडू नये. ऑपरेशनच्या यादीत पेशंटच्या नावापुढे रक्तगट लिहितो, तसा त्याच्या एकूण तांबड्या पेशींचा अंदाज मिलिलिटरमध्ये लिहावा, आणि तो हजाराखाली असेल तर केस कितीही साधी असो, सेल सेव्हरचा रिझर्व्हॉयर चीर देण्याआधी लावावा. सर्जन मंडळींना माझी एवढीच विनंती आहे.